प्रकाशसंश्लेषण : मुंबईतील संशोधन आणि कापूस

हिरव्या वनस्पती व शैवले सूर्यप्रकाशातील ऊर्जेच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड वायू व पाणी यांपासून कार्बोहायड्रेटे तयार करतात आणि ऑक्सिजन बाहेर टाकतात. या प्रक्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. जवळजवळ सर्व सजीवांचे अन्न आणि हवेतील ऑक्सिजन यांचा उगम या प्रक्रियेत आहे. दगडी कोळसा, लाकूड व कापूस ही तिचीच साठविलेली रूपे होत. या विषयाच्या इतिहासात मुंबईचा संबंध दोन प्रकारे येतो : फोर्ट भागातील प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनामुळे आणि परळ-लालबागच्या कापड गिरण्यांना लागणाऱ्या कापसामुळे.

प्रारंभीचे शोध : मेणबत्ती जळून विझलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवल्यास ती हवा पुन्हा ज्वलनास योग्य होते, असे जोसेफ प्रीस्टली यांना १७७१ मध्ये आढळले. हे कार्य वनस्पतीचे फक्त हिरवे भाग आणि तेही प्रकाशातच करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखविले. वनस्पतीच्या वजनात होणाऱ्या वाढीत पाण्याचाही वाटा असतो, हे द सोस्यूर यांनी १८०४ मध्ये सिद्ध केले. या प्रक्रियेचा एक टप्पा प्रकाशावर, तर दुसरा तापमानावर अवलंबून असतो, असे प्रतिपादन एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये केले.

मुंबईतील संशोधन : हे बहुतेक प्रयोग समशीतोष्ण प्रदेशांत झाले होते. उष्ण प्रदेशात ऊन विपुल असते. तेथे पानाच्या कार्याला मर्यादा कशामुळे पडते, हा प्रश्न उरतोच. मुंबईतील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (स्थापना १९२०) या संस्थेतील वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक आर. एच. दस्तूर यांनी त्याचा पाठपुरावा केला. पानातील पाण्याचे प्रमाण हा प्रकाशसंश्लेषणाचा एक नियामक घटक आहे, असे प्रतिपादन करणारे त्यांचे निबंध १९२४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. उष्ण कटिबंधीय वनस्पतींतील पाणी, हरितद्रव्य आणि प्रकाशसंश्लेषणाचा वेग यांचा निरनिराळ्या तापमानांतील संबंध त्यांनी देसाई यांच्या सहकार्याने तपासला (१९३३). निळ्या-जांभळ्या किरणांच्या परिणामांवरील त्यांचे निबंध मेहता (१९३५) व सॉलोमन (१९३७) यांच्यासमवेत प्रसिद्ध झाले.

पाण्याचे महत्त्व पुढील ज्ञानामुळे अधिक स्पष्ट झाले आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्याचा अत्यल्प अंशच प्रकाशसंश्लेषणात खर्च होतो. बहुतेक पाणी बाष्परूपाने निघून जाते. तथापि पाणी कमी पडताच पानावरील त्वग्रंध्रे मिटतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडाचा मार्ग रोखला जातो. भर उन्हात पानाची उपासमार होते ती अशी. निळ्या किरणांविषयी आजचे मत असे, की हरितद्रव्य लाल व निळे हे दोन्ही प्रकाश शोषते. केवळ लाल प्रकाशातही ही प्रक्रिया चालते. मात्र त्वग्रंध्रे उघडण्यास निळा प्रकाश विशेष साहाय्यक असतो.

प्रक्रियेचे स्वरूप : प्रकाशविक्रियेत हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेमुळे पाण्याचे विघटन होते. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, याला रूबेन, केमन व त्यांचे सहकारी यांच्या १९४१ मधील प्रयोगांनी पुष्टी मिळाली. दुसऱ्या टप्प्यात कार्बन डाय-ऑक्साइडापासून शर्करा बनतात. या विक्रियांचे चक्र कॅल्व्हिन, बेन्सन व बॅशम यांनी किरणोत्सर्गी कार्बन वापरून उलगडले. त्याबद्दल मेल्व्हिन कॅल्व्हिन यांना १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कापूस व गिरण्या : कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, पुढे परळ, लालबाग, शिवडी या परिसरात गिरणगाव वसले. खोपोलीची जलविद्युत् १९१५ मध्ये येईपर्यंत तेथील यंत्रे मुख्यतः दगडी कोळशावर, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रकाशसंश्लेषणावर चालत. चात्यांवरचा कापूस मात्र चालू हंगामातील असे. कापसाचा तंतू ही सरकीच्या आवरणावरील एकच लांब कोशिका असून वाळलेल्या तंतूचा सु. ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजाचा असतो. पानाने पुरविलेल्या शर्करेपासून तंतूची भित्ती आतून थराथराने जाड होते. पाने अकाली निकामी झाली, तर भित्ती पातळ राहते. असा अपक्व तंतू कातताना तुटतो व त्याच्या गाठी होतात.

पंजाबातील अमेरिकन जातींच्या कापसात बोंडे नीट न उमलण्याचा ‘तिरक’ हा विकार वारंवार उद्‌भवे. मुंबईनंतर दस्तूर यांनी याच विकाराचा अभ्यास केला. नायट्रोजनाची उणीव असलेली रेताड जमीन आणि क्षारयुक्त खालचा थर ही त्याची कारणे त्यांनी दाखविली. पहिल्या प्रकारात अमोनियम सल्फेट, तर दुसऱ्यात उशिरा पेरणी व जादा पाणी हे उपाय ठरले. तंतूंच्या गुणांची परीक्षा करणारी प्रयोगशाळा माटुंगा येथे १९२४ पासून कार्य करीत आहे.

गिरणगावातील बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतरच्या काळात बंद पडल्या. तथापि शेतात पाणी वा नायट्रोजन कमी पडल्याचा परिणाम पानामार्फत सुतापर्यंत पोहोचतो, हा संबंध कायम आहे. सूत कोठेही कातले, तरी त्याचा कच्चा माल प्रथम पानातच तयार होतो.