वॉकर लागला म्हणजे अपंग झालो का?

ऑपरेशन अकोल्याला होते, टाके काढून रुग्ण जऊळक्याला परत येतो आणि नवा कोरा वॉकर घराच्या कोपऱ्यात उभा राहतो. "चारचौघांत तो धरून कसं चालायचं? लोक लंगडा म्हणतील," असे मला बरेच जण सांगतात. तुमच्याही मनात हे येत असेल तर या वस्तूमागचा इतिहास जाणून घ्या.

आधार घेऊन चालणे आपल्याकडे कधीच कमीपणाचे नव्हते. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येत पादत्राणे आणि छत्री यांच्यासोबत काठी बाळगायला सांगितली आहे. ती तोल जाणाऱ्याला सावरते आणि भीती घालवते. सुश्रुतसंहितेने तर म्हाताऱ्या माणसांसाठी तिची खास शिफारस केली आहे.

मग अंथरुणाला खिळून राहण्याची सवय कुठून आली? एकोणिसाव्या शतकात ऑपरेशननंतर कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती हाच नियम होता. १८९९ मध्ये शिकागोच्या डॉ. एमिल रीस यांनी रुग्णांना लवकर उठवावे असे मांडले, पण फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडल्या, रुग्णांना लवकर उठवावे लागले आणि ते लवकर बरे होताना दिसले. १९४७ मध्ये डॉ. रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. तो आजही वाचला जातो.

धोका खरा आहे. पोटरीचे स्नायू चालताना रक्त वर ढकलतात. पडून राहिले की रक्त साचते, गुठळी होते आणि ती फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. शिवाय छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, मांडीचे स्नायू झपाट्याने बारीक होतात.

रुग्णांना उठवायचे तर धरायला काहीतरी हवेच. १९४९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम रॉब यांनी अशा आधाराच्या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या वॉकरच्या घराण्यातले ते सुरुवातीचे साधन.

आपल्याकडे ही वाट पोलिओने दाखवली. मुलीला पोलिओ झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले आणि सांधेबदलाचा विषय घरोघरी पोहोचला.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी :

• हात सरळ सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला यावी.
• आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय.
• पुढे काठीवर आलात की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा.
• खालची रबरी बुचे झिजली की बदला. ओल्या फरशीवर आणि उंबरठ्यापाशी जपून चाला.

पायावर किती भार द्यायचा आणि वॉकर कधी सोडायचा, हे तुमच्या सर्जनला विचारूनच ठरवा. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठा.