'अलास' ते 'माय वं': दुःखाच्या उद्गारांचा इतिहास

१/१०
स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना ही यादी तोंडपाठ असते: अरेरे, हाय, अगाई ही शोकदर्शक केवलप्रयोगी अव्यये. या शब्दांचा वाक्यातील इतर पदांशी संबंध नसतो, असे व्याकरण सांगते आणि पुढे जाते. इतिहासाचा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो. माणूस दुःखात नेमके हेच शब्द का उच्चारतो?

२/१०
आधी इंग्रजीतील 'अलास' पाहू. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा झाली आणि १३व्या शतकात 'अलास' इंग्रजीत रुळला. जुन्या फ्रेंचमधील 'हा' आणि 'लास' मिळून तो बनला. 'लास'चे मूळ लॅटिन 'लास्सुस', म्हणजे थकलेला. अर्थात 'अलास' म्हणजे "हाय, मी शिणलो!"

३/१०
जुन्या फ्रेंचमध्ये 'लास' हे विशेषण होते, त्यामुळे बोलणाऱ्याप्रमाणे त्याचे लिंग बदले. पुरुष 'लास' म्हणे, तर स्त्री 'लास्से'. इंग्रजीत हा भेद पुसला गेला. शोक स्त्रीचा की पुरुषाचा, हे शब्दावरून कळेनासे झाले आणि पुढे थकव्याचा अर्थही विसरला गेला. आज हा शब्द पुष्कळदा सौम्य खंत किंवा थट्टा व्यक्त करतो.

४/१०
'अलॅक' या उद्गाराची कथा आणखी विलक्षण आहे. त्यातील 'लॅक' म्हणजे उणीव, हानी. दिवसाला दोष देणाऱ्या 'अलॅक द डे'चे 'लॅकाडे' झाले आणि १८व्या शतकात त्यातून 'लॅकाडेझिकल' हे विशेषण निघाले. त्याचा आजचा अर्थ निरुत्साही, आळसट. एका आक्रोशाचा शेवट आळशी माणसाला लावायच्या विशेषणात झाला!

५/१०
मराठीची वाट निराळी आहे. इंग्रजीतील हे दोन उद्गार स्वतःची अवस्था किंवा हानी सांगतात. मराठी उद्गार बहुधा कोणाला तरी हाक मारतात. 'अगाई' म्हणजे अग आणि आई. 'बापरे' म्हणजे बाप आणि रे. 'अरेरे'मध्ये 'अरे' ही हाकच आहे. संस्कृतात 'अरेरे' हे कनिष्ठाला उद्देशून किंवा रागाने मारलेले संबोधन होते. मराठीत त्याच शब्दात हळहळ उतरली.

६/१०
'हाय'च्या जवळचा संस्कृत उद्गार म्हणजे 'हा'. संस्कृत वैयाकरणांनी त्याला वाक्याबाहेर ठेवले नाही. 'हा'च्या योगाने द्वितीया विभक्ती येते, असा त्यांचा नियम आहे. ज्याच्यासाठी शोक करायचा, त्याचे नाव द्वितीयेत! म्हणजे शोकाला कर्म असते, हे त्यांनी ओळखले होते. मराठीत 'हाय' पुढे नामही झाले. 'त्याने हाय खाल्ली' या प्रयोगात उद्गार चक्क खाल्ला जातो आणि माणूस खचतो.

७/१०
खानदेशात, म्हणजे धुळे-जळगावच्या परिसरात, ही हाक 'माय' या शब्दाभोवती फिरते. अहिराणीतील 'माय वं' मधला 'वं' हा स्त्रीला साद घालणारा, देशावरच्या 'गं'सारखा. ठेच लागली तरी माय, घरातले माणूस गेले तरी माय. आई हयात नसली तरी हाक तिलाच जाते.

८/१०
या मातीतला शोक ग्रंथात आला तो आसोद्याच्या लेकीमुळे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालचा. जळगाव हे त्यांचे सासर. ऐन तिशीच्या सुमारास वैधव्य आले. प्लेगने एका मुलाला पंगुत्व दिले. अक्षरओळख नसलेल्या या बाईने दुःख ओव्यांत मांडले. वैधव्यावरील गाण्यात ती ज्योतिषाला आपला हात पाहू देत नाही. तिच्या काही गाण्यांचा आरंभच 'अरे' या हाकेने होतो. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी प्रसिद्ध झाली.

९/१०
शब्द हेही इतिहासाचे साधन आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी पटवून दिले ते वि. का. राजवाडे याच खानदेशात, धुळ्यात, ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तेथे उभे राहिले. शब्दांची मुळे शोधण्यासाठी त्यांनी केलेले प्रचंड टिपण पुढे कोशरूपाने छापले गेले.

१०/१०
तरीही एक उणीव उरते. प्लेगच्या काळात सरकारी दप्तराने मृतांचे आकडे नोंदवले. त्या घरांतून उठलेली हाक कोणी नोंदवली नाही. बहिणाबाईंचे शब्द मुलाने लिहून घेतले म्हणून वाचले. इतर असंख्य आयाबायांचे शब्द त्यांच्याबरोबरच गेले. खानदेशातील घराघरांत आजही एखादी आजी 'माय वं' म्हणते. ती हाक केव्हा, कोणासाठी आणि कोणत्या सुरात निघते, हे तिच्याकडून विचारून लिहून ठेवणे हेदेखील इतिहासलेखनच होय. व्याकरणाच्या मते त्या उद्गाराचा वाक्याशी संबंध नसेल. माणसांशी मात्र निश्चित आहे.