छावणीची चूल

ग्वाल्हेर शहरात मुरारच्या बाजूला थाटीपुर नावाची वस्ती आहे. हे नाव कोठून आले याविषयी एक गोष्ट सांगतात. संस्थानी फौजेतील चौतिसाव्या क्रमांकाचे पथक पूर्वी येथे राहत असे. त्या ‘थर्टी-फोर’चे लोकांच्या जिभेवर ‘थाटीपुर’ झाले. व्युत्पत्तीचे पंडित या कथेला कितपत मान देतील हा प्रश्न वेगळा. ग्वाल्हेरच्या स्वभावाला मात्र ती शोभते. ज्या शहराच्या मुख्य भागाचे नावच ‘लष्कर’ आहे, तेथे एखादे पथक वस्तीला आपले नाव देऊन गेले तर नवल ते काय!

दौलतराव शिंद्यांची फिरती छावणी 1810 साली किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली, आणि राहुट्यांच्या जागी हळूहळू वाडे व पेठा उभ्या राहिल्या. त्याच्या आदल्याच वर्षी ही छावणी राजपुतान्यात हिंडत होती. इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षकदलाचा अधिकारी ब्रॉटन तिच्याबरोबर होता, आणि त्याने तेथून लिहिलेली पत्रे 1813 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बिनीवाले पुढे जाऊन मुक्कामाच्या जागी निशाण रोवीत, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक बाजाराला आपली ठरलेली जागा सापडे. चालते शहरच ते! परंतु त्या शहरात संध्याकाळी ज्या हजारो चुली पेटत, त्यांतील एकही आज दाखविता येत नाही. तलवारी संग्रहालयात आहेत, तोफा किल्ल्यावर आहेत, चूल कोठेच नाही. तीन धोंडे, वर तवा, खाली शेणी किंवा काटक्या. पहाटे कूच झाले की धोंडे तेथेच राहत आणि राख वाऱ्यावर जाई.

ही साधी चूल फौजेला फार महाग पडे. प्रत्येकाची चूल निराळी, कारण पंगतीचा आणि सोवळ्याओवळ्याचा प्रश्न पाठीशी होताच. लहान लहान चुलींना सरपण अधिक लागते. ते कोठून यायचे? वाटेवरच्या गावांची कुंपणे आणि छपरे त्या चुलींत जात. शत्रूचे गाव असो की मित्राचे, कुंपण सारखेच जळते. आणि सरपण व दाणा दोन्ही तुटले की काय होते, हे मराठ्यांनी 1761 साली पानिपतावर पाहिले. जनकोजी शिंदे त्या युद्धात गेले आणि महादजी पायाला जन्माची जखम घेऊन परतले. रणांगणावर उतरण्यापूर्वीच ती फौज उपासमारीने खंगली होती.

युरोपातील सैन्यांची स्थिती याहून फारशी बरी नव्हती. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज शिपाई रोगाने आणि निकृष्ट अन्नाने मरू लागले, तेव्हा लंडनच्या रिफॉर्म क्लबाचा माजी फ्रेंच आचारी अलेक्सी सोयर 1855 साली तेथे गेला. त्याने एक पिंपासारखी शेगडी तयार केली होती. खाली बंदिस्त भट्टी आणि वर मोठे भांडे, इतकाच तिचा थाट. तिला सरपण थोडे लागे, पावसात ती विझत नसे आणि रात्री तिचा जाळ शत्रूला दिसत नसे. एका आचाऱ्याची ही कल्पना ब्रिटिश सैन्याने शंभर वर्षांहून अधिक काळ वापरली. सेनापतींचे किती डावपेच इतकी वर्षे टिकले असतील?

ग्वाल्हेर संस्थानाचे वाहतूक पथक 1895 च्या चित्रळ मोहिमेत आणि 1897 च्या तिराह मोहिमेत सरहद्दीच्या डोंगरांत कामाला होते. पुढे पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे पायदळ सुएझ कालव्याच्या रक्षणास गेले. एकीकडे उघडे डोंगर, दुसरीकडे वाळवंट. अशा मुलखात सरपण हेही दाण्यासारखेच पाठीवर वाहून न्यावे लागते, आणि जनावराच्या पाठीवर चढलेली प्रत्येक मोळी तेवढ्या वजनाचे दुसरे काही मागे ठेवायला लावते. थोड्या वजनात पुष्कळ उष्णता देणारे साधन फौजांना का हवे होते, हे यावरून ध्यानात येईल.

ते साधन स्वीडनमध्ये जन्मले. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने 1892 च्या सुमारास बिनवातीचा, दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला आणि त्याला ‘प्रायमस’ हे नाव मिळाले. पितळी टाकीत पंपाने हवा भरली की तिच्या दाबाने तेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती वाफ बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. धूर नाही, काजळी नाही. नान्सेनने 1893 मध्ये हा स्टोव्ह उत्तर ध्रुवाच्या वाटेवर नेला आणि 1911 मध्ये अमुंडसेनने दक्षिण ध्रुवावर. तेथे प्रश्न केवळ जेवणाचा नसतो. बर्फ वितळविल्यावाचून प्यायला पाणीच मिळत नाही. 29 मे 1953 च्या पहाटे एव्हरेस्टच्या अखेरच्या तळावर हिलरीचे बूट गोठून लाकडासारखे झाले होते. ते प्रायमसच्या ज्योतीवर धरून मऊ केले, तेव्हा कोठे तेनसिंग आणि तो शिखराकडे निघू शकले.

दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक राष्ट्राने आपापली चूल खिशात बसविण्याचा प्रयत्न केला. जर्मन शिपायाजवळ 1936 मध्ये निघालेल्या एस्बिटच्या घडीच्या शेगडीवर जळणाऱ्या गोळ्या होत्या. अमेरिकन सैन्याने 1942 मध्ये कोलमन कंपनीकडून पेट्रोलवर चालणारा एक लहान स्टोव्ह करवून घेतला. त्याचा ॲल्युमिनियमचा डबा उघडला की त्याचीच दोन पातेली होत. अर्नी पाइल या युद्धवार्ताहराने त्याला जीपगाडीच्या पंक्तीला बसविले. ज्याने चिखलाच्या खंदकात गरम कॉफी घेतली असेल त्याला ही अतिशयोक्ती वाटणार नाही.

हे जुने स्टोव्ह जमविण्याचा छंद आज देशोदेशी आहे. संग्राहक टाकीचे बूड उलटून पाहतो. प्रायमसवर 1911 पासून उत्पादनवर्ष दर्शविणारे अक्षर असते, ब्रिटिश सरकारी मालावर रुंद बाणाची खूण असते. आपल्याकडे मात्र हे पितळ बहुधा वजनावर मोडीत गेले. शिंद्यांची चूल राखेच्या रूपाने नाहीशी झाली, ही भट्टीत वितळून. फरक इतकाच की पहिली जतन करणे शक्यच नव्हते, आणि दुसरी शक्य असून जतन झाली नाही. 1948 साली ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झाले, संस्थानी फौजा पुढे भारतीय सैन्यात सामावल्या. थाटीपुरात सरकारी नोकरांची निवासस्थाने उभी राहिली. मराठी बिऱ्हाडे असोत की हिंदी, पहाटेचा चहा अनेक घरी त्याच भर्र आवाजाच्या पितळी स्टोव्हवर होऊ लागला. ‘घासलेट’ आणि ‘पिन मारणे’ हे शब्द जितके शिपायाचे तितकेच गृहिणीचे झाले.

या संसारातील उपयोगाची एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्द एके काळी वृत्तपत्रांत वारंवार दिसत. काही भडके खरोखरच अपघाताचे होते. त्यांमागे भेसळीचे तेल, सैल झालेले झाकण, तापल्या टाकीत तेल ओतण्याची घाई अशी कारणे असत. पण नवविवाहितांच्या बाबतीत स्टोव्ह हा कित्येकदा केवळ सांगण्याचा बहाणा असे. अशा छळाविरुद्ध दंडसंहितेत 1983 मध्ये आणि हुंडाबळीविषयी 1986 मध्ये स्वतंत्र कलमे घालावी लागली. जी वस्तू शिपायाला जगविण्यासाठी बनली, तिच्या नावाखाली घरातल्या सुना मारल्या गेल्या. संग्राहकाने पितळ लखलखीत घासताना एवढे विसरू नये.

मग असा स्टोव्ह काचेच्या कपाटात ठेवावा की पेटवावा? कपाटातला स्टोव्ह म्हणजे नुसता पितळी गोळा. त्याचा इतिहास त्याच्या आवाजात आणि उष्णतेत आहे. तो पेटलाच पाहिजे, मात्र डोळे उघडे ठेवून. पंपाचे चामड्याचे वायसर वाळून कडक झालेले असते. ते तेलात मुरवून मऊ करावे. टाकीला चीर किंवा डाग दिलेली जागा असेल तर मोह आवरावा आणि तो स्टोव्ह कायमचा कपाटातच ठेवावा. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कदापि घालू नये. टाकी काठोकाठ न भरता पाऊण भरावी, आणि घरात न पेटवता उघड्या अंगणात पेटवावा. वाटीत थोडे स्पिरिट जाळून बर्नर पुरता तापू द्यावा. येथे उतावीळ झाला की तेल वाफ न होता तसेच वर येते आणि पिवळा जाळ उसळतो. तो उसळलाच, तर वाकून फुंकर घालण्याच्या फंदात न पडता बाजूने हात नेऊन हवेची चावी सैल करावी. दाब जातो, तेल खाली उतरते आणि जाळ आपोआप बसतो.