जर्मनची चौकट

"काऊन भाऊ, खिडकी टांगाची हाय का छताले?" सेक्शनच्या दुकानातल्या मिस्त्रीनं विचारलं. माझ्या कागदावर तीन फूट बाय एक फुटाची चौकट काढलेली होती. मधे दोन आडव्या पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार भोकं. काच नाही, जाळी नाही, बिजागरी नाही. मी म्हटलं, "खिडकी नाही दादा, मासोळ्यांच्या टाकीवर दिवे टांगायचे आहेत." त्यानं कागद पुन्हा एकदा पाहिला आणि पाइप कापायला घेतला. एक इंची चौकोनी पाइप, कोपऱ्यात आतून अँगलचे तुकडे, त्यांवर रिव्हेट. अकोल्यात घरोघरच्या लाकडी खिडक्या गेल्या आणि सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या, तेव्हापासून हे काम करणारे हात गल्लोगल्ली आहेत. तासाभरात चौकट माझ्या हातात होती. वजन किलोभराच्या आत.

ही वस्तू नवी दिसते, पण तिचं कूळ जुनं आहे आणि त्यातला निम्मा भाग आपल्याच घरातला आहे.

नावापासूनच पाहा. चौकट म्हणजे ‘चतुष्काष्ठ’, चार लाकडं. दाराच्या चार लाकडांसाठी झालेला शब्द आज लाकडाचा कणही नसलेल्या वस्तूला आपण सहज लावतो. ही वस्तू ज्या धातूची आहे, त्याला माझी आजी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नसे, ‘जर्मन’ म्हणायची. दूध तापवायचं ते जर्मनच्या गंजात. गंज म्हणजे आपलं वऱ्हाडातलं पातेलं. पुण्याकडच्या माणसाला तो लोखंडावर चढणारा तांबेरा वाटतो, पण हे जर्मनचे गंज कधी तांबारत नसत. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा मिश्रधातू वेगळाच, तांबं, निकेल आणि जस्ताचा. त्यात चांदी नाही आणि अ‍ॅल्युमिनियमही नाही. मला वाटतं, पांढरा आणि स्वस्त तो जर्मन, असा हिशेब आपल्या बोलीनं केला असावा.

हा धातू स्वस्त झाला, हीच मुळात मोठी घटना. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर अ‍ॅल्युमिनियमचं टोक बसवलं, तेव्हा ती मौल्यवान चीज होती. मग 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न विचारता, विजेच्या साहाय्यानं हा धातू वेगळा करण्याची एकच रीत शोधली. दोघंही 1863 साली जन्मले आणि दोघंही 1914 साली गेले. 1898 मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली, आणि 1943 मध्ये केरळात अलुव्याजवळ भारतातला पहिला अ‍ॅल्युमिनियम वितळून निघाला. भांड्यातून हा धातू खिडकीत गेला तो दाबून काढण्याच्या तंत्रामुळे. तापवून मऊ केलेला ठोकळा साच्याच्या भोकातून रेटायचा, की शेवयांच्या सोऱ्यातून निघावी तशी हवी त्या आकाराची लांब कांडी बाहेर येते. या कांडीलाच दुकानात ‘सेक्शन’ म्हणतात.

दुसरी शाखा दिव्याची. छतातून साखळीनं दिवा खाली सोडायचा ही रीत आपल्याला कुणी परदेशातून शिकवलेली नाही. लामणदिवा आपल्या देवघरात शतकानुशतकं लोंबतो आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे पाहताना मी दिव्यांपेक्षा त्यांच्या साखळ्याच जास्त वेळ पाहिल्या. कडीत कडी, टोकाला आकडा. तेल घालायला दिवा खाली घ्यायचा, मग पुन्हा वर चढवायचा. टाकीवरच्या चौकटीच्या तारांना जे काम करावं लागतं, ते नेमकं हेच.

पण टाकी आणि टांगता दिवा यांची गाठ पडायला फार वेळ लागला. काचेच्या पेटीत पाणी, मासे आणि वनस्पती एकमेकांच्या आधारानं जगू शकतात, हे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये लंडनमध्ये दाखवलं. 1853 मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. त्या काळच्या टाकीची चौकट टाकीलाच असे. लोखंडी अँगलमध्ये काचा बसवायच्या आणि फटी पुट्टीनं बुजवायच्या. दिवा आला तो झाकणाच्या आत, आधी साधा बल्ब आणि पुढे नळीदिवा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं. वऱ्हाडातून मुंबईला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी मासोळ्यांचा संसार पहिल्यांदा तिथेच पाहिला. मीही लहानपणी तिथल्या काचेला नाक लावून उभा राहिलो आहे. उजेड वरून येत होता, पण दिवा कुठे दिसत नव्हता.

1960 च्या दशकात सिलिकॉनचा चिकट लेप आला. काच काचेला थेट चिकटू लागली आणि टाकीची लोखंडी चौकट गेली. या कुळातला हा माझ्या मते सगळ्यात मोठा वळसा, कारण पुढच्या वीस-तीस वर्षांत चौकट परत आली ती टाकीला नव्हे, तर दिव्याला. ते घडवण्यात जपानच्या ताकाशी अमानो यांचा वाटा मोठा आहे. ते मूळचे सायकल शर्यतपटू. 1982 मध्ये त्यांनी आपली संस्था सुरू केली आणि पाण्याखाली गवताळ माळ, दगड, जंगल उभारायला लागले. त्या वनस्पतींना नळीदिव्याचा उजेड पुरत नव्हता, म्हणून त्यांनी मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे वापरले. ते इतके तापतात की झाकणात कोंडता येत नाहीत. मग झाकण काढलं, टाकी उघडी ठेवली आणि दिवा वर हवेत टांगला. अमानो 2015 मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी निळ्या एलईडीसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एकाचं आडनावही अमानोच, हिरोशी अमानो. टांगता दिवा एकानं रूढ केला आणि आज त्या जागी जो दिवा लागतो, तो दुसऱ्याच्या कामातून आला.

एलईडी कमी तापते म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. उजेडाबरोबर उष्णता खाली येत नाही, पण पाठीमागे साचते. ती तिथेच राहिली तर दिव्याचं आयुष्य घटतं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणून दिव्याची पट्टी चौकटीच्या पट्टीवर घट्ट टेकवून बसवली, की चौकट दिवा धरते आणि थंडही ठेवते.

आता वऱ्हाडाकडे येतो, कारण इथे ही चौकट शोभेची राहत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो. 20 अंशांवर एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांवर साडेसातच. त्यावर झाकण आणि झाकणात दिवा म्हणजे मासोळ्यांना दोन्हीकडून कोंडणं. मी पहिली काही वर्षं हेच केलं. उन्हाळ्यात भरदुपारी मासे पृष्ठभागावर तोंड वासून श्वास घ्यायचे आणि मला वाटायचं, भूक लागली असेल. झाकण काढून दिवे वर टांगले, एक छोटा पंखा पाण्यावरून फिरवला, आणि पाणी तीन-चार अंशांनी उतरलं. वाळ्याच्या ताट्या लावून आपण खोली गार करतो, त्यामागचं तत्त्व हेच. आपली कोरडी हवा इथे उपयोगी पडते.

त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. उघड्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात रोज उतरतं. उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचं पाणी रोज वरून घालत राहिलं, तर महिन्या-दोन महिन्यांत टाकी खारट होते. त्या भागातल्या माझ्या एका नातलगाकडे चौकटीच्या खालच्या कडेवर पांढरा थर चढलेला पाहिला, तेव्हा हे ध्यानात आलं. तिथे पावसाचं पाणी साठवून तेच वरून घालणं हा खरा उपाय.

माझी पहिली चौकट लोखंडी अँगलची होती, रंग दिलेली. एका पावसाळ्यात रंग फुगला आणि तांबेऱ्याचे पापुद्रे पाण्यात पडू लागले. ती काढून टाकली आणि आजीच्या जर्मनकडे वळलो. या धातूवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याला राखतो. फक्त त्यात साधे लोखंडी स्क्रू मारू नयेत. दमट जागी दोन धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. स्टेनलेसचे स्क्रू घ्यावेत आणि पाइप अ‍ॅनोडाइज केलेला. विजेची वायर प्लगपर्यंत सरळ आणू नये; आधी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच गळून पडतं. आणि चौकट पाण्यापासून निदान एक फूट वर असावी. हात घालून काम करता येतं, आणि शेवाळ वाढलं तर आणखी चार बोटं वर चढवता येते.

आमचं घर जुनं, माडीचं. खोलीच्या लाकडी तुळईत एक लोखंडी कडी आहे. तिला माझा पाळणा होता, त्याआधी वडिलांचा. चौकटीच्या चारही तारा वर एकत्र आणून मी तिलाच अडकवल्या. सिमेंटच्या स्लॅबचं घर असेल तर अँकर फास्टनर ठोकावा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या खोट्या छताला काहीही टांगू नये. कडी जुनी असो की नवी, आधी तिला पाण्यानं भरलेली बादली एक रात्र लटकवून ठेवा, आणि तेवढ्यापुरती टाकी बाजूला सरकवा. आमच्या कडीनं 15 लिटरची बादली रात्रभर पेलली. चौकट, दिवे आणि तारा मिळून भरले अडीच किलो.