सोयाबीनचे माहेर

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तुम्हीही एक लेख द्या, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चूल, मुले आणि शेतीची ये-जा यांतच वर्षे गेली. मी काय लेख लिहिणार? पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाटीतून जो पांढरा, खरवसासारखा पदार्थ दिला होता, त्याची चौकशी पुष्कळ भगिनींनी केली होती. "तेवढेच लिहा," असे त्या म्हणाल्या. लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले की या वाटीची हकीकत फार जुनी आहे. मुलीने पुस्तके आणून दिली, इंग्रजी मजकुराचा अर्थ सांगितला, म्हणून हे चार शब्द लिहिता आले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त सिंगापूरला असतात. २०२३ साली जाऊबाईंचे बाळंतपण आले. त्यांच्या आईची प्रकृती बरी नव्हती, म्हणून मी गेले. लातूर सोडून मी फार तर पंढरपूर आणि तिरुपती पाहिलेले. विमानात बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. तिथे तीन महिने राहिले. सेरंगून रोडवरच्या टेक्का बाजारात कढीपत्त्यापासून शेवग्यापर्यंत सगळे मिळे, त्यामुळे स्वयंपाकाची अडचण पडली नाही.

एके दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवून येताना जाऊबाई म्हणाल्या, "ताई, जरा बसू या. तुम्हाला चालेल असे एक खायला देते." खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली मांडलेल्या तिथे जागोजागी असतात. एका वयस्क चिनी बाईने लाकडी पिंपातून पसरट पळीने पांढऱ्या मऊ वड्या अलगद काढल्या, वाटीत ठेवल्या आणि वरून साखरेचा पाक घातला. मी पहिला घास घेतला आणि म्हटले, "अगं बाई, हा तर खरवस!" पण तो दुधाचा नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, हे सोयाबीन आहे. याला इथे ताउ-हुए म्हणतात."

भगिनींनो, मला खरेच वाटेना. माझे माहेर नांदेड जिल्ह्यातले, लोह्याकडचे. वडिलांची कोरडवाहू जमीन. माझ्या लहानपणी त्यांच्या शेतात कापूस, तूर आणि ज्वारी असे. २००१ साली लग्न होऊन लातूरला आले तेव्हा इथे सोयाबीन वाढत चालले होते. पुढे माहेरीही तेच झाले. वीस-बावीस वर्षे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सोयाबीनची रास पाहिली, निंदायला गेले, पोती शिवली, पण त्याचा एक दाणाही कधी चुलीवर चढवला नव्हता. आपल्याच शेतातला दाणा खायला मला समुद्र ओलांडून जावे लागले, याची त्या दिवशी लाजही वाटली आणि कुतूहलही वाटले. हा दाणा आला कुठून, आणि त्याच्याबरोबर त्याचे खाणे का आले नाही?

सोयाबीनचे माहेर चीन देश. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी वेलीपासून हे पीक तयार केले. चिनी लोकांच्या स्वयंपाकात पूर्वी दुधादह्याला फारसे स्थान नव्हते. दूध, दही, पनीर यांचे काम त्यांनी या दाण्याकडून करून घेतले. दाणे भिजवून वाटायचे, गाळायचे, उकळायचे आणि त्या दुधाला विरजणासारखे काहीतरी लावून ते गोठवायचे. उत्तरेकडे त्यासाठी मीठ तयार झाल्यावर उरणारे कडू पाणी वापरतात, दक्षिणेकडे बहुधा जिप्सम. घट्ट दाबलेला तो तोफू, आणि न दाबता मऊ ठेवलेला तो हा पदार्थ. उत्तर चीनमध्ये त्यावर तिखटमिठाचा रस्सा घालतात, दक्षिणेत गोड पाक. सिंगापूरला जे चिनी लोक जाऊन राहिले त्यांत दक्षिणेकडच्या फुकिएन प्रांतातले पुष्कळ, म्हणून तिथे गोड प्रकार रुळला आणि नावही त्यांच्याच बोलीतले राहिले.

तोफू कोणी शोधला? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिउ आन नावाच्या राजपुत्राने तो शोधला, अशी चीनमध्ये आख्यायिका आहे. परंतु लेखी उल्लेख सापडतो तो दहाव्या शतकातला. माझ्या मते राजाचे नाव मागाहून लागले असावे. दूध नासले किंवा गोठले हे प्रथम ध्यानात येते ते चुलीपुढे बसणारीच्या, आणि तिचे नाव पोथीत कोणी लिहीत नाही.

आता गंमत पाहा. त्या वाटीतला दाणा चीनचा, पण वरचा पाक? ऊस उकळून साखर करण्याची चांगली रीत चीनने आपल्या देशातून नेली. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, हे शाळेत आपण वाचले आहे. तो ६४५ साली मायदेशी परतला. त्यानंतर दोन वर्षांनी, ६४७ साली, चीनच्या ताइत्सुंग बादशहाने मगध देशी माणसे पाठवून साखर करण्याची पद्धत शिकून घेतली, असे त्यांच्याच इतिहासात नोंदलेले आहे. म्हणजे त्यांनी नुसता माल नेला नाही, तर करणे शिकण्यासाठी माणूस पाठवला. चहा, चिनीमातीची बरणी या वस्तू त्यांच्याकडून आपल्या घरात आल्या आणि आपल्याच होऊन बसल्या. सोयाबीनचे मात्र तसे झाले नाही.

आपल्या देशात सोयाबीन अगदीच नवे नव्हते. कुमाऊँच्या डोंगरात काळ्या सोयाबीनला भट म्हणतात आणि त्याची डाळ-आमटी पूर्वापार होते. मध्य प्रदेशात काळीतूर नावाचे वाण होते. आपल्या महाराष्ट्राशी संबंध येतो तो १९३५ साली. त्या वर्षी महात्मा गांधी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. गरिबाला स्वस्तात पौष्टिक अन्न कसे मिळेल हा त्यांचा ध्यास. तिथल्या मंडळींच्या रोजच्या जेवणात त्यांनी सोयाबीन आणून पाहिले आणि 'हरिजन' पत्रातून त्याविषयी लिहिले. याच सुमारास बडोदे संस्थानातही हा विषय निघाला. सयाजीराव महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या संस्थानातील काळे नावाच्या अधिकाऱ्यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक मोठे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात लागवड, आहारातील उपयोग आणि तीनशे पाककृती दिल्या आहेत. तीनशे! हे ऐकून मी थक्क झाले.

पण त्या वेळी पीकच नव्हते. दाणा बाजारात नाही, तर गृहिणी करणार काय? पुस्तक कपाटात राहिले.

पीक आले ते तीस वर्षांनी, आणि तेही निराळ्या वाटेने. चीनचा दाणा अमेरिकेत गेला होता आणि तिथे त्याचे दोन उपयोग ठरले होते. तेल काढावे आणि पेंड जनावरांना, कोंबड्यांना घालावी. १९६० नंतर पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने तिकडची पिवळी वाणे आपल्या जमिनीत लावून पाहिली. १९६७ साली देशभरच्या सोयाबीन संशोधनाची एकत्र योजना सुरू झाली. मध्य प्रदेशात पीक पसरले. १९९४ साली जबलपूरचे जेएस ३३५ हे वाण आले आणि ते आपल्याकडे घरोघर झाले. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानेही पुढे एमएयूएस ७१ सारखी वाणे काढली. तीन-साडेतीन महिन्यांत निघणारे, दसऱ्या-दिवाळीला हातात पैसा देणारे हे पीक शेतकऱ्याला आवडले यात नवल नाही. लातूरचा बाजार तर सोयाबीनसाठी नावाजला.

परंतु भगिनींनो, बियाणे अमेरिकेवरून फिरून आले, तेव्हा त्याच्याबरोबर तेल गाळण्याची विद्या आली, खाण्याची आली नाही. पाककृती होत्या तेव्हा पीक नव्हते, आणि पीक आले तेव्हा पाककृती कोणाला ठाऊक नव्हत्या. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के तेल असते. तेल पिशवीत भरून आपल्या स्वयंपाकघरात येते, आणि प्रथिनांची पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, ती कोंबड्यांना किंवा परदेशी जाते. पोरांच्या अंगावर मांस नाही म्हणून आपण डबाबंद पावडरी विकत आणतो आणि तोच कस पोत्यात भरून अडतीवर घालतो.

त्या अडतीचेही सांगते. २०२४-२५ च्या हंगामाला सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता. माझ्या भावाच्या दाण्यात ओलावा बारा टक्क्यांहून जास्त निघाला, म्हणून सरकारी खरेदीत तो बसला नाही. देणेकऱ्यांचा तगादा होता. ४,१०० रुपयांनी माल घालून तो घरी आला आणि कोणाशी न बोलता ओसरीवर बसून राहिला. मी त्या वेळी माहेरीच होते. वहिनीने ताट वाढले, तेही तसेच राहिले. त्या रात्री मी तिला म्हटले, "वहिनी, एक पायली घरात ठेव. मी तुला त्याचे काही करून दाखवते." सिंगापूरहून आल्यापासून माझे प्रयोग चाललेच होते, पण त्या दिवसापासून ते मनावर घेतले.

पहिल्या खेपेला मी दाणे थंड पाण्याने वाटले. घरभर असा उग्र, हिरवट वास सुटला की घरच्या मंडळींनी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या खेपेला दूध उकळताना ऊतू जाऊन शेगडी भरली. तिसऱ्या खेपेला लिंबू पिळले, तर ते पनीरसारखे फाटले. भाजीला चांगले, पण वाटीत घालण्याजोगे नव्हे. चौथ्या खेपेला चिनी गवत घातले. गोठले खरे, पण दाताखाली जेली लागली. शेवटी जाऊबाई सुट्टीला आल्या तेव्हा खाण्याच्या जिप्समची पुडी घेऊन आल्या. आता जमले ती रीत अशी:

एक वाटी सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजवावे. सकाळी चोळून साले काढावीत. सहा वाट्या पाणी चांगले कडकडीत करून त्यातच दाणे वाटावेत, म्हणजे तो वास बसत नाही. मिक्सर असल्यास थोडे थोडे घालावे, हात जपावा. स्वच्छ पंचातून पिळून गाळावे. मोठ्या पातेल्यात हे दूध मंद आचेवर सतत ढवळत पंधरा-वीस मिनिटे उकळावे. ही पायरी चुकवू नये, कारण कच्चे सोयाबीन पचत नाही, पोट बिघडते. दुसऱ्या भांड्यात एक सपाट चमचा खाण्याचे जिप्सम आणि दोन चमचे कॉर्नफ्लॉवर चार चमचे पाण्यात कालवावे. गरम दूध उंचावरून एकदम त्यावर ओतावे, झाकण ठेवावे आणि अर्धा तास भांड्याला हात लावू नये. वरून गुळाचा आले घातलेला पाक. चोथा टाकू नये, ज्वारीच्या पिठात घालून त्याची धपाटी फार खुसखुशीत होतात. एक मात्र बजावून सांगते. भुईमुगाच्या शेतात टाकतात किंवा भिंतीला लावतात ते जिप्सम खाण्यात कदापि घेऊ नये. खाण्याचे न मिळाल्यास लिंबाने फाडून पनीरच करावे.

माहेरी मी हे केले तेव्हा वडिलांनी वाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाले, "हे आपल्या रानातलं?" मी हो म्हटले. मग त्यांनी खाल्ले आणि भावालाही हाक मारून दिले. वहिनीने त्या वर्षापासून पायलीभर दाणा घरात ठेवायला सुरुवात केली आहे.

एका वाटीने भाव वाढत नाही, हे मला कळते. हमीभाव मिळायचा तर त्यासाठी निराळी खटपट पाहिजे आणि ती करणाऱ्यांनी ती केलीच पाहिजे. पण जे पीक आपण पिकवतो, निंदतो, कापतो, ते नुसते इतरांसाठी का असावे? लेक सासरी येते तेव्हा तिच्या हातची रीतही घरात येते. या दाण्याची रीत माहेरीच राहून गेली. ती आणण्यासाठी बादशहाने माणसे पाठवायची गरज नाही. ते काम आपल्यासारख्या बायकांचे आहे.

ज्या भगिनींना शिकायचे असेल त्यांनी मंडळाच्या कोणत्याही बैठकीच्या आदल्या दिवशी एक वाटी सोयाबीन भिजवून दुसऱ्या दिवशी घेऊन यावे. मी पंचा आणि पातेले घेऊन येईन. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.