मोटारसायकलीचा कुंई आवाज : निदान

चालत्या मोटारसायकलीतून सलग, एकसुरी येणारा बारीक किंवा घुमणारा आवाज. खडखड, टकटक असे सुटे आवाज यात मोडत नाहीत. ते बहुधा ढिल्या नटांचे, टॅपेटचे किंवा टायमिंग चेनचे असतात. कुंई निघते ती फिरणाऱ्या आणि घासणाऱ्या भागांतून : चेन, बेअरिंग, गिअर, ब्रेकचे लायनर, मीटरची केबल. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाबरोबर चढतो-उतरतो, हे निदानात जास्त उपयोगी पडते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चाकाच्या वेगाबरोबर की गाडीवरच्या भाराबरोबर, एवढे ठरले की निम्मे काम होते. गॅरेजमध्ये मात्र गिऱ्हाईक तोंडाने आवाज काढून दाखवते आणि मिस्त्री मान डोलावतो. एवढ्या भांडवलावर कित्येक धडधाकट चेनसेट बदलले जातात.

मोसम आणि गिरणा नद्यांच्या संगमाजवळचे मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. मागाच्या खोलीतला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि त्यात वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे कान आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात मंद होतात. गिअरचे बारीक रडणे याच्या आसपासचे. त्यामुळे गाडीच्या मालकाला काहीच ऐकू येत नाही आणि मागे बसलेला सांगतो, असे होऊ शकते. शहरातल्या गर्दीत तर ते कोणालाच कळत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून ४०-५० चा वेग धरला की आवाज उघडा पडतो. कानावर भरवसा नसेल तर हँडल, फूटरेस्ट आणि टाकीला टेकलेला गुडघा यांतून येणारी थरथर पाहावी.

पहिली चाचणी क्लचची. सपाट रस्त्यावर, मागे ट्रक नाही हे पाहून, ५० च्या वेगात क्लच दाबून अ‍ॅक्सिलेटर सोडावा. इंजिनाच्या फेऱ्या उतरतात, वेग तसाच राहतो. आवाज फेऱ्यांबरोबर बसला तर दोष इंजिनाकडे. तसाच राहिला तर चेन, चाके किंवा टायर. येथे एक गफलत होते : क्लच दाबला तरी गिअरबॉक्स चाकाच्या ओढीने फिरतच असतो, फक्त त्यावरचा भार जातो. म्हणून आवाज बदलला पण गेला नाही, तर गिअरबॉक्सला निर्दोष ठरवू नये. भाराची चाचणी चढउतारावर चांगली होते. मालेगावहून चांदवडकडे जाताना राहूड घाटात इंजिन ओढत असते, तेव्हा गिअरच्या दात्यांची एक बाजू दाबली जाते. परतीच्या उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडला की दुसरी. चढताना रडणारी आणि उतरताना गप्प होणारी गाडी बहुधा गिअरकडे किंवा चेनकडे बोट दाखवते. चाचणीसाठी उतारावर चावी बंद करू नये.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे ताणलेली किंवा कोरडी चेन. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ मापाची चेन असते; तिच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिमी. मागचे स्प्रॉकेट ४२ दात्यांचे आणि चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किमीला सेकंदाला सुमारे ३७० दाते चेनमध्ये शिरतात. चेनची कुंई याच सुरात असते. वेग ४० वर आला की ती २५० च्या खाली उतरते. पूर्ण झाकणाऱ्या चेनकव्हरला तपासणीसाठी रबरी बूच असते. ते काढून खालच्या पदराचा झोल मापावा : साधारण २० ते ३० मिमी, नेमके माप त्या गाडीच्या पुस्तिकेत. चाक हळूहळू फिरवत जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथेच मोजायचे, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी लांबत नाही. रिकामी गाडी गप्प आणि कापडाचे तागे लादले की रडते, अशी तक्रार असेल तर चेन जास्त आवळलेली आहे असे धरून चालावे. भाराने गाडीची मागची बाजू खाली दबते आणि चेन आणखी ताणते. हा ताण पुढे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो आणि शंभर रुपयांचे काम हजारांत नेतो. जुन्या चेनला नवे स्प्रॉकेट बसवले तरी कुंई येते. सेट पूर्ण बदलावा.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज जाडसर, घूं असा. क्लचने फरक पडत नाही, वळणावर गाडी एका बाजूला झुकली की मात्र बदलतो. डबल स्टँडवर लावून चाक वर-खाली धरून हलवावे, मग फिरवून एक बोट अ‍ॅक्सलच्या नटाजवळ ठेवावे. खरखर बोटाला लागते. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा हबवर मारला की पाणी सीलमधून आत जाऊन ग्रीस धुऊन काढते. बेअरिंग बदलताना दोन बेअरिंगांमधला स्पेसर बसवायचा राहिला, तर नट आवळताच नवे बेअरिंगही आडव्या दाबाने खराब होते. हा दोष अंगावर काढण्याचा नाही, कारण बेअरिंग फुटले तर चाक डगमगते किंवा अडकते.

पुढून बारीक कुंईकुंई येते आणि मीटरचा काटा थरथरतो, तेव्हा केबल कोरडी आहे किंवा हबमधला मीटरचा वर्म झिजला आहे. केबल सोडून थोडे चालवून पाहणे हीच खात्री. फेरी मारून आल्यावर ब्रेकचा ड्रम हाताला चटका देत असेल तर लायनर घासतो आहे.

गिअरबॉक्सचे निदान दोन ओळींत : एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या जोडीचे दाते, सगळ्यांत असेल तर बेअरिंग. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर आतल्या शाफ्टचे बेअरिंग संशयित. आधी ऑइल पाहावे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात, आणि मालेगावच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात जुने ऑइल फारच पातळ पडते. ड्रेन बोल्टवर लोखंडी चुरा दिसला तर इंजिन उघडावेच लागते.

काही आवाज दोष नसतात. हेल्मेटची काच किंचित उघडी असली की शिट्टी वाजते. मान वळवली की ती बदलते. खोल बटणांचा टायर डांबरी रस्त्यावर घुमतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, आणि चावी फिरवताच दोन-तीन सेकंद टाकीतून येणारी गुणगुण ही पेट्रोलच्या पंपाची असते. ती चालताना मोठी झाली, विशेषतः टाकीत पेट्रोल कमी असताना, तर पंपाचा फिल्टर तपासावा.