अंदाजे चाळीस यार्ड

मुलुंडला राहणाऱ्या माणसाला लोक नाना प्रश्न विचारतात. पाणी किती वाजता येतं, पावसात गाड्या बंद पडतात का, बिबट्या खरंच येतो का. पण "शिकारीसाठी दुर्बीण कोणती घ्यावी?" हा प्रश्न मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत कोणी विचारला नव्हता. तो विचारला माझ्या भाच्याने, पेनसिल्व्हेनियातून, आणि तोही रात्री साडेअकरा वाजता. अमेरिकेतल्या नातेवाइकांचा दिवस आपल्या झोपेवरच उजाडतो.

"मामा, ऑफिसमधले सगळे हरणाच्या शिकारीला जातात. मीही लायसन काढलंय. अंतर मोजणारी दुर्बीण घ्यायची आहे. तू सांग ना, आप्पाआजोबा शिकारी होते ना?"

आप्पा म्हणजे माझे वडील. ते शिकारी होते हे खरे, पण मी आयुष्यात मारलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे झुरळ. तरीही मामा या पदाला काही प्रतिष्ठा असते. मी घसा साफ केला आणि "विचार करून सांगतो" असे म्हणालो.

भाच्याने पुढे सांगितले ते असे. थँक्सगिव्हिंगचा सण झाला की तिथे रायफलीने हरीण मारण्याचा हंगाम सुरू होतो, आणि सोमवारी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळांना चक्क सुट्टी असते. आपल्याकडे गणपतीला निम्मे ऑफिस कोकणात जाते, तसाच प्रकार. हे ऐकून माझ्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, दोन दिवस त्याच्याशी बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी फोन करून "थंडी फार असेल, कानटोपी घाल" एवढेच म्हणाली. कानटोपी त्याला घालावीच लागणार होती, आणि तीही भगव्याजर्द रंगाची. शिकाऱ्याने भडक नारिंगी कपडा घातलाच पाहिजे असा तिथला कायदा आहे. हरणाला तो रंग नीट ओळखू येत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला येतो. अंगावर बंदूक रोखली जाऊ नये म्हणून शिकाऱ्यालाच झेंडूचे फूल व्हावे लागते, यावरून त्या धंद्याची कल्पना यावी.

मी दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाला लागलो. आणि अभ्यासाची खोड अशी, की दुर्बिणीच्या शोधात निघालो तो आधी घराच्याच मागे जाऊन पोहोचलो.

आपण आज ज्याला उपनगरे म्हणतो ते साष्टी बेट एके काळी साहेबाचे शिकारीचे मैदान होते. विलायतेत तो घोड्यावर बसून कुत्र्यांनिशी खोकडाच्या मागे धावे. इथे त्याने कोल्ह्यावर भागवले. जिथे आज रिक्षावाला मीटर टाकायला नाही म्हणतो, तिथून लाल तोंडाचा साहेब घोडा फेकीत जात असेल, हे चित्र मला सिग्नलला उभे असताना फार सुख देते. विहार तलाव १८६० साली तयार झाला, आणि मुंबईने त्याचे पाणी जवळजवळ सत्तर वर्षे पिऊन झाल्यावर, १९२९ साली, त्याच तलावाजवळ वाघ मारल्याची नोंद आहे. आपले आजोबा नळाखाली तांब्या धरून उभे होते तेव्हा नळाच्या दुसऱ्या टोकाला वाघ पाणी पीत होता, असे म्हणायला हरकत नाही.

सलीम अलींच्या लहानपणी कुटुंबाच्या सुट्ट्या चेंबूरला जात, कारण चेंबूर तेव्हा रान होते. आज चेंबूरला सुट्टीसाठी कोणी जात नाही; चेंबूरहून जातात. याच मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला. ही सोसायटी १८८३ची. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही आपली माणसे होती, आणि बाकीच्यांत शिकारीचे शौकीनही होते. त्या काळी शिकारी आणि निसर्गप्रेमी हे एकाच कोटाचे दोन खिसे होते. सलीम अलींनीही नमुन्यांसाठी बंदूक पुढे बरीच वर्षे वापरली. पण लोकांच्या डोळ्यांपुढे त्यांचे चित्र उभे राहते ते गळ्यात दुर्बीण अडकवलेले.

आता मुख्य मुद्दा, अंतराचा. शिकाऱ्याला जनावर दिसून भागत नाही, ते किती लांब आहे हे कळावे लागते. गोळी सरळ जाते हा आपला सिनेमातून झालेला समज. ती निघाल्या क्षणापासून पडत असते. थर्टी-ओ-सिक्स जातीच्या रायफलीचा नेम २०० यार्डांवर बांधला असेल, तर ३०० यार्डांवर गोळी सात-आठ इंच खाली लागते आणि ४०० वर जवळपास दोन फूट. म्हणजे छातीवर धरलेला नेम पायावर. आणि पाय मोडलेले हरीण मरत नाही, पळते.

म्हणून माणसाने अंतर मोजायच्या युक्त्या काढल्या. लीड्सच्या बार आणि स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी १८८८ साली एक लांब नळी केली. तिच्या दोन टोकांनी दोन चित्रे दिसत आणि ती जुळवली की अंतर कळे. ती शेवटी चालली लढाऊ जहाजांवर. खांद्यावर टाकून सशामागे जाण्याची ती वस्तू नव्हे. मग लष्करी दुर्बिणींत काचेवर बारीक रेघा आल्या. त्या रेघांचे माप म्हणजे 'मिल': हजार मीटरवर एक मीटर उंचीची वस्तू एक मिल भरते. चितळ खांद्याशी नव्वद सेंटिमीटर धरले, तर शंभर मीटरवर ते नऊ मिल दिसेल आणि दीडशेवर सहा. गणित सोपे आहे. अट एवढीच, की चितळाने हिशेब होईपर्यंत उभे राहावे आणि ते खरोखर नव्वद सेंटिमीटरचे असावे.

१९६० साली लेसर निघाला आणि हा सगळा त्रैराशिकाचा मामला संपला. बटण दाबायचे, प्रकाश जातो, हरणावर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून दुर्बिणीत आकडा उमटतो. दीडशे मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. आमच्या सोसायटीत पंप सुरू करायला सेक्रेटरीला जो वेळ लागतो, त्यात प्रकाश चंद्रावर जाऊन येईल आणि चहा घेईल. जर्मन लायका कंपनीने १९९२मध्ये हे यंत्र दुर्बिणीच्या पोटातच बसवले. आता अनेक कंपन्या ती करतात, आणि चांगल्यापैकी दुर्बिणीला हजारापासून तीन हजार डॉलरपर्यंत पडतात.

"मग कोणती घेऊ?" भाचा.

मी त्याला चार गोष्टी सांगितल्या, आणि त्या मला आधीपासून माहीत होत्या अशा आवाजात सांगितल्या. आठ बाय बेचाळीसची घे. बेचाळीसला आठाने भाग, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरची प्रकाशाची टिकली डोळ्यात शिरते, आणि हरणे तर संधिप्रकाशातच बाहेर पडतात. सात बाय पन्नासची दुर्बीण सात मिलिमीटरची टिकली देते, पण पन्नाशी उलटलेली बाहुली तेवढी उघडतच नाही. ती तुझ्या मामाने घेऊ नये. दुसरे, डब्यावर 'दोन हजार यार्ड' लिहिलेले असते ते चकचकीत पाटीसाठी. हरणाच्या अंगावरून त्याच्या निम्मेही कधी मिळत नाही, धुक्या-पावसात तर आणखी कमी. तिसरे, झाडावरून किंवा उतारावरून मारायचे असेल तर सरळ अंतर नव्हे, आडवे अंतर दाखवणारी घे. पंचेचाळीस अंशांच्या उतारावरचे शंभर यार्ड गोळीच्या हिशेबी एकाहत्तरच असतात. आणि चौथे, सगळ्यांत महत्त्वाचे, जवळची फांदी सोडून मागच्या वस्तूचे अंतर सांगण्याची सोय त्यात असली पाहिजे. नाहीतर यंत्र पानाचे अंतर सांगेल आणि तू हरणाचे समजशील.

"पण मामा, आमच्या रानात शंभर यार्डांपलीकडचं दिसतच नाही. सगळे म्हणतात, एवढं डोळ्यानंच कळतं."

तेव्हा मी त्याला ती गोष्ट सांगितली.

आमच्या घरात एक म्हण होती: 'अंदाजे चाळीस यार्ड'. भाजीवाल्याने काटा मारला, की आप्पा म्हणत, "अंदाजे चाळीस यार्ड!" ताईच्या लग्नाला पाहुणे किती, तर अंदाजे चाळीस यार्ड. आम्ही पोटभर हसत असू. ही म्हण आली कुठून, हे मला मोठेपणी आईने सांगितले.

१९६१चा डिसेंबर. मुलुंडच्या मागचा डोंगर तेव्हा आमच्या परसापासून सुरू होई. आप्पांकडे दुनळी बंदूक होती आणि चोरबाजारातून आणलेली लष्करी दुर्बीण. रेघांची. मी त्या रेघांना काचेवरचे ओरखडे समजून एकदा त्या पुसायला घेतल्या होत्या. त्या संध्याकाळी एका खडकावरून आप्पांना नाल्यापलीकडच्या आंब्याखाली सांबराची मादी दिसली. दुर्बीण गळ्यातच होती. पण रेघा मोजायला वेळ कोणाला! चाळीस यार्ड असेल, म्हणून त्यांनी एल.जी.चे काडतूस झाडले. मोठे छरे चाळीसपर्यंतच भरवशाचे, पुढे ते पांगतात. आणि मध्ये खोलगा असला की पलीकडची वस्तू डोळ्याला जवळ वाटते, हे पलटणीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमचे आप्पा पोस्टात होते. मादी बसली, उठली आणि गेली. आप्पा रात्रभर कंदील घेऊन रक्ताचा माग काढत हिंडले. सकाळी नऊला घरी आले ते मला आठवते. पायात एकच चप्पल होती. सांबर सापडले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी बंदूक चौकीवर जमा केली. शिकारीवर बंधने घालणारा कायदा १९७२मध्ये आला, तोपर्यंत आमच्या घरी तो अकरा वर्षे जुना झाला होता. दुर्बीण मात्र राहिली.

फोनवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घेतो. मागचं अंतर दाखवणारीच घेतो."

पहिल्या हंगामात त्याला एक खार आणि एकोणीस शिकारी दिसले. सर्वांची अंतरे त्याने मोजली.

जानेवारीत तो घरी आला तेव्हा दुर्बीण घेऊन आला. दोन दिवस आम्ही गच्चीवरून पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर आणि समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले धोतर यांची अंतरे मोजली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, तो खडक आहे का अजून?"

खडक आहे. त्याच्या अंगावर आमच्या सोसायटीचे पंपघर टेकले आहे. नाल्याला सिमेंटचे काठ आले, पलीकडे राष्ट्रीय उद्यानाची भिंत उभी राहिली, आणि भिंतीमागे तो आंबा, निम्मा वठलेला. आम्ही दोघे खडकावर चढलो. भाच्याने दुर्बीण डोळ्याला लावली, बटण दाबले.

"एकोणीस," तो म्हणाला.

"तो विजेचा खांब असेल. मागचं बघ."

त्याने काहीतरी फिरवले, श्वास धरला आणि पुन्हा बटण दाबले. मग न बोलता दुर्बीण माझ्या हातात दिली. आंब्याच्या बुंध्यावर लाल आकडा होता. चौऱ्याहत्तर.

खाली ताई चहा घेऊन आली होती. "किती आलं रे?" तिने वर पाहत विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले.

"अंदाजे चाळीस यार्ड," मी म्हणालो, आणि ती नेहमीसारखी हसली.